खेळाडूंच्या कंडरा आणि सांध्यांच्या दुखापती: मैदानावरून येणारे प्रश्न

मी दादरला फिजिओथेरपी करते. शिवाजी पार्क आणि आझाद मैदानावरचे क्रिकेटपटू, परळ-लालबागकडचे कबड्डीपटू, खो-खोच्या मुली असे माझे बहुतेक पेशंट. श्रावण आला की गोविंदा वाढतात आणि दिवाळीनंतर मॅरेथॉनवाले. माणसं बदलतात, पण प्रश्न बरेचसे तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवते आहे. प्रत्यक्ष तपासणीची जागा हे लिखाण घेऊ शकत नाही. पण तपासायला कधी धावायचं आणि कधी घाबरायचं नाही, एवढं यातून नक्की कळेल.

"शीर दुखावली" म्हणतात, ती नेमकी काय असते?

बहुतेक वेळा ती शीर नसतेच. स्नायूला हाडाशी जोडणारी चिवट दोरी म्हणजे कंडरा, म्हणजेच टेंडन. हाडाला हाडाशी बांधणारा पट्टा म्हणजे अस्थिबंध, आपण ज्याला लिगामेंट म्हणतो तो. यातलं काय दुखावलं आहे, त्यावर पुढचं सगळं ठरतं. स्नायूला रक्तपुरवठा भरपूर, त्यामुळे तो काही आठवड्यांत भरून येतो. कंडरेला रक्त फार कमी मिळतं आणि तिच्यात बदल अतिशय सावकाश होतो. १९५५ ते १९६३ या काळातल्या अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेला किरणोत्सारी कार्बन कंडरेत किती उरला आहे, हे डेन्मार्कच्या संशोधकांनी मोजलं. टाचेमागच्या अकिलीस कंडरेचा गाभा माणसाची उंची वाढत असते तोवर तयार होतो आणि त्यानंतर जवळपास बदलतच नाही, असं त्यांना २०१३ मध्ये आढळलं. सतराव्या वर्षी मिळालेली दोरी पन्नाशीतही तीच असते! "दहा दिवस झाले, अजून दुखतंच आहे" अशी तक्रार आली की मला हे आठवतं. दहा दिवस कंडरेच्या हिशेबात काहीच नाहीत.

मैदानावर पाय मुरगळला. पहिल्या दोन दिवसांत काय करायचं?

हाड मोडलं आहे का, हे आधी बघा. त्यासाठी जगभर वापरले जाणारे सोपे नियम आहेत. घोट्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या हाडाच्या मागच्या कडेवर, खालच्या सहा सेंटिमीटरमध्ये, बोटाने दाबल्यावर कळ येते का? करंगळीच्या रेषेत पावलाच्या बाहेरच्या बाजूला जे हाड वर आल्यासारखं लागतं तिथे, किंवा पावलाच्या आतल्या बाजूला कमानीच्या वर दुखतं का? त्या पायावर चार पावलं टाकता येतात का? लंगडत टाकली तरी चालेल. यातल्या कुठल्याही हाडावर कळ असेल किंवा चार पावलं जमत नसतील, तर त्याच दिवशी एक्स-रे काढा.

हाड ठीक असेल तर क्रेप बँडेज बांधा आणि पाय उशीवर उंच ठेवा. फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं लावल्याने कळ कमी होते, म्हणून तो लावावा. बर्फाने जखम लवकर भरते असं मात्र नाही. विश्रांती आणि बर्फाचं प्रसिद्ध सूत्र १९७८ मध्ये ज्या डॉक्टर गेब मिर्किन यांनी मांडलं, त्यांनीच पुढे सांगितलं की दीर्घ विश्रांतीमुळे आणि बर्फाच्या अतिरेकामुळे भरून येणं लांबतं. सोसेल तेवढा भार दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पायावर टाकायला लागा.

आंबेहळद-तुरटीचा लेप लावायला माझी हरकत नाही, फक्त कातडी फाटलेली नसावी. शेक आणि चोळणं मात्र पहिले तीन दिवस अजिबात नको.

आजी म्हणते, हाडवैद्याकडून नस बसवून घे. जाऊ का?

आजीचा जीव तुटतो म्हणून ती सांगते, हे मला कळतं. तरी नका जाऊ. ताज्या दुखापतीवर जोराने चोळलं की आतला रक्तस्राव वाढतो. लहान मुलाच्या कोपराला मार लागलेला असताना तर मालीश करूच नये. तिथल्या स्नायूत हाड तयार होऊ लागतं आणि कोपर कायमचं अर्धवट वाकलेलं राहू शकतं. असं कोपर घेऊन आलेली मुलं मी पाहिली आहेत. दहा मिनिटांच्या मालिशीची भरपाई करायला वर्ष जातं आणि तेवढं करूनही ते कोपर पूर्ण सरळ होईलच असं नाही.

धावताना कुणीतरी मागून टाचेवर काठी मारल्यासारखं वाटलं. वळून पाहिलं तर कुणीच नव्हतं.

हे वाचून झालं की लगेच अस्थिरोगतज्ज्ञाकडे जा. अकिलीस कंडरा तुटली की पेशंट जवळजवळ याच शब्दांत सांगतात. घरी तपासायचं तर पेशंटला पालथं झोपवा, पाऊल पलंगाच्या कडेबाहेर लोंबू द्या आणि पोटरी हाताने दाबा. चांगल्या पायाचं पाऊल खाली झुकतं. तुटलेल्या बाजूचं पाऊल तसंच राहतं. "बोटं हलतात, चालताही येतं, म्हणजे तुटलेलं नाही" हा समज चुकीचा आहे, कारण ती हालचाल दुसऱ्या कंडरा करून देतात.

ऑपरेशन करून किंवा न करता, विशेष बूट घालून आणि शिस्तीत व्यायाम करून, दोन्ही वाटांनी चांगलं बरं होता येतं. पण ती निवड पहिल्या काही दिवसांतच करता येते. महिनाभराने आलेल्या पेशंटसाठी सोपे मार्ग बंद झालेले असतात.

एक गोष्ट मी प्रत्येक धावपटूला विचारते: गेल्या काही आठवड्यांत पोट बिघडलं म्हणून किंवा लघवीच्या संसर्गासाठी सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन किंवा ऑफ्लॉक्सासिन घेतलं होतं का? या गटातल्या अँटिबायोटिकांमुळे कंडरेला सूज येऊ शकते आणि ती तुटूही शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये या औषधांवर ठळक चौकटीतला इशारा छापायला लावला. साठीच्या पुढच्यांना आणि सोबत स्टिरॉइड घेणाऱ्यांना हा धोका जास्त. आपल्याकडे पावसाळ्यात पोट बिघडलं की केमिस्टकडून ही गोळी सहज आणली जाते. तुम्ही धावत असाल तर डॉक्टरांना तसं सांगा, त्यांना दुसरं औषध देता येतं का ते बघता येईल. आणि लिहून दिलेलं औषध मनाने बंद करू नका.

टाचेमागे रोज सकाळी ताठरतं, धावायला लागलं की मोकळं होतं. आराम करू की धावू?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात जास्त चुकीची उत्तरं मिळालेला हा प्रश्न आहे.

पूर्ण आराम केला की दुखणं थांबतं. आपल्याला वाटतं, बरं झालं. पण त्या तीन आठवड्यांत कंडरा आणखी कमकुवत झालेली असते. मग आपण जुन्याच वेगाने धावायला लागतो आणि दुखणं परत येतं. सलग दोन-दोन वर्षं या चक्रात अडकलेले लोक माझ्याकडे येतात. धावताना अकिलीस कंडरेवर शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट ताण येतो. तो पेलायची ताकद पलंगावर पडून येत नाही. कंडरेला मोजून-मापून भार द्यावा लागतो.

स्वीडनमधल्या हाकान आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये यासाठी एक व्यायाम मांडला, तो आजही आम्ही शिकवतो. जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभे राहा आणि कठडा धरा. दोन्ही पायांनी वर उठा, मग सगळं वजन दुखऱ्या पायावर घेऊन टाच हळूहळू पायरीच्या खाली न्या. १५ वेळा, असे ३ फेरे. एकदा गुडघा सरळ ठेवून, एकदा किंचित वाकवून. सकाळ-संध्याकाळ, आठवड्याचे सातही दिवस, १२ आठवडे. दिवसाचे १८० होतात! सहज जमायला लागलं की पाठीवर वजन घ्यायचं. पुढच्या संशोधनात असं दिसलं की आठवड्यातून तीनदा, जास्त वजन घेऊन, संथ गतीने केलेला व्यायामही तितकाच उपयोगी पडतो. चाळीत किंवा चौथ्या मजल्यावर राहणाऱ्याला पायरी शोधावी लागत नाही, म्हणून मी बहुतेकांना पहिला प्रकार देते. ऑफिसमध्ये बारा तास जाणाऱ्यांना दुसरा.

मात्र दुखणं अगदी टाचेच्या हाडापाशी असेल तर टाच पायरीखाली नेऊ नका, जमिनीपर्यंतच न्या. खाली नेली की कंडरा हाडावर दाबली जाते आणि त्रास वाढतो. हा फरक न सांगता दिलेले व्यायाम करून कंटाळलेले अनेक जण मला भेटले आहेत.

व्यायाम करताना दुखलं तर थांबायचं ना?

नाही. थोडं दुखणं चालतं. शून्य ते दहाच्या मोजपट्टीवर पाचपर्यंत दुखलं तर चालेल. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते पूर्वीइतकं खाली आलेलं असायला हवं आणि आठवड्यागणिक चढत जायला नको. उठल्यावरची पहिली दहा पावलं कशी पडतात, तेवढं वहीत लिहा. वेदनाशामक गोळी घेऊन व्यायाम किंवा धावणं करू नका, कारण मग ही मोजपट्टीच खोटी पडते.

किती दिवसांत बरं होईल?

कंडरेचं जुनं दुखणं तीन ते सहा महिने घेतं, कधी त्याहून जास्त. मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. गणपतीच्या सुमारास टाच दुखायला लागली आणि तेव्हाच व्यायाम सुरू केला, तर बारा आठवडे डिसेंबरात पूर्ण होतात आणि जानेवारीत धावता येण्याची आशा धरता येते. दिवाळीनंतर, "बिब नंबर आलाय, काहीतरी करा" म्हणत आलात तर मी अर्धी मॅरेथॉन किंवा पुढचं वर्ष सुचवणार. पेडर रोडचा चढ शर्यतीच्या उत्तरार्धात येतो, पोटरी आधीच थकलेली असते आणि दुखरी कंडरा नेमकी तिथे दगा देते.

स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं तर लगेच बरं वाटतं म्हणतात.

वाटतं, अगदी खरं आहे. म्हणूनच त्याचा मोह पडतो. टेनिस एल्बो, म्हणजे कोपराच्या बाहेरच्या बाजूच्या कंडरेचं दुखणं, झालेल्या १६५ रुग्णांवरचा ऑस्ट्रेलियातला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभरात स्टिरॉइड घेतलेल्यांपैकी ५४ टक्के लोकांचं दुखणं परतलं, तर औषध नसलेलं इंजेक्शन घेतलेल्यांपैकी फक्त १२ टक्क्यांचं. पहिल्या चार-सहा आठवड्यांचा आराम पुढे इतका महाग पडतो. अकिलीस आणि गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेत तर ते इंजेक्शन मी कुणालाच सुचवत नाही, कारण कंडरा तुटण्याची भीती असते. खांदा आखडला असेल तर गोष्ट वेगळी, तिथे त्याला जागा आहे.

स्पर्धात्मक खेळाडूंनी आणखी एक लक्षात ठेवावं. १ जानेवारी २०२२ पासून स्पर्धेच्या काळात स्टिरॉइडचं कुठलंही इंजेक्शन उत्तेजकविरोधी नियमांत बसत नाही, सांध्यात घेतलेलंही. डॉक्टरांना स्पर्धेची तारीख सांगा, कागद जपून ठेवा आणि गरज असेल तर उपचारासाठीची सूट आधी मागा.

स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेटचं, म्हणजे पीआरपीचं, इंजेक्शन नियमात बसतं. पण कंडरेच्या दुखण्यावर त्याचे निकाल उलटसुलट आहेत आणि खर्च बराच. तेच पैसे तीन महिन्यांच्या नीट देखरेखीखालच्या व्यायामावर खर्च करा, असं माझं स्पष्ट मत आहे.

सचिनलाही टेनिस एल्बो झाला होता ना? त्याचं तर ऑपरेशन झालं.

हो. २००४ मध्ये त्रास सुरू झाला, मे २००५ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली आणि ऑक्टोबरमध्ये नागपूरला श्रीलंकेविरुद्ध त्याने ९३ धावा काढल्या. ही गोष्ट अनेक पालक मला ऑपरेशनच्या बाजूने सांगतात. मला त्यात मधले पाच महिने दिसतात. शस्त्रक्रिया एका दिवसाची असते, मनगट आणि दंडाची ताकद परत आणण्याचं काम त्यानंतर रोज करावं लागतं. टेनिस एल्बोच्या बहुतेक रुग्णांना शस्त्रक्रिया लागतही नाही. बॅटच्या मुठीची जाडी आणि बॅटचं वजन मात्र आधी तपासा. बारा वर्षांच्या मुलाच्या हातात मोठ्या भावाची बॅट दिसली की मला काळजी वाटते.

आधी एमआरआय काढून घेऊ का?

आधी तपासून घ्या. अजिबात न दुखणाऱ्या खांद्या-गुडघ्यांच्या एमआरआयमध्येही झीज, बारीक चीर असं काहीबाही दिसतं. तो रिपोर्ट वाचून धास्तावलेला खेळाडू सावरायला मला दोन आठवडे लागतात. गुडघा वळताना "टक्" आवाज होऊन काही तासांत फुगला असेल, अडकत असेल, खांदा निखळून गेला असेल, तर एमआरआय लागतो.

कबड्डीत पकड करताना एसीएल फाटलं. ऑपरेशन करावंच लागेल?

एसीएल म्हणजे गुडघ्याच्या आतला, मांडीच्या हाडाला नडगीशी बांधणारा एक अस्थिबंध. ऑपरेशन प्रत्येकाला नाही, पण कबड्डी खेळत राहायचं असेल तर बऱ्याच जणांना करावं लागतं. स्वीडनमध्ये १२१ तरुण, खेळणाऱ्या माणसांवर अभ्यास झाला, तो २०१० मध्ये छापून आला. अर्ध्यांचं लगेच ऑपरेशन केलं. उरलेल्यांना आधी व्यायाम दिला आणि गरज पडली तर नंतर ऑपरेशन. दोन वर्षांनी दोन्ही गटांचे गुडघे सारखेच होते आणि दुसऱ्या गटातल्या ५९ पैकी ३६ जणांना तोवर ऑपरेशन लागलंच नव्हतं. हे लोक व्यावसायिक खेळाडू नव्हते, हे ध्यानात ठेवा. चकवून वळणं हाच ज्याचा खेळ, त्या चढाईपटूचा गुडघा सटकत असेल तर पुनर्रचना करावी. गादी म्हणजे मेनिस्कस फाटून गुडघा अडकला असेल तर लवकर करावी.

ऑपरेशनच्या आधीही व्यायाम हवा. गुडघा पूर्ण सरळ होणं, सूज उतरणं, मांडी घट्ट होणं, हे जमवून मगच टेबलावर जा.

आणि परतण्याची घाई करू नका. नॉर्वेतल्या अभ्यासात नवव्या महिन्यापर्यंत परतणं जितकं पुढे ढकललं, तितका दर महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याचा धोका सुमारे निम्म्याने कमी झाला. सहाव्या महिन्यात गुडघा दुखत नाही, दादरच्या पुलावर धावत चढता येतं, संघातले मित्र बोलावतात. ऑपरेशनमध्ये एसीएलच्या जागी बसवलेली कंडरा तेव्हाही आत मुरत असते. सहाव्या महिन्यात जिल्हा स्पर्धेला उतरून दुसऱ्यांदा गुडघा फाडून घेतलेला एक मुलगा माझ्याकडे आला होता. त्याला थांबवायला मी पुरेसं बोलले नाही, याची खंत मला आजही आहे. तेव्हापासून मी तारीख घरच्यांसमोर सांगते.

मुलींमध्ये ही दुखापत मुलांपेक्षा जास्त होते. उडी मारून उतरताना गुडघे आत पडू न देणं, एका पायावर तोल, मांडीच्या मागच्या स्नायूंची ताकद, हे सगळं असलेला वीस मिनिटांचा वॉर्मअप नियमित केला तर फुटबॉलमध्ये दुखापती साधारण तिसऱ्या हिश्श्याने कमी झाल्या आहेत. खो-खोच्या प्रशिक्षकांनी तो आपल्या सरावात घ्यावा, ही माझी कळकळीची विनंती.

खांदा निखळला तर मैदानावरच ओढून बसवतात. चालतं?

नाही. सोबत हाड मोडलेलं असू शकतं, नस दाबली जाऊ शकते. हात झोळीत बांधून इस्पितळात न्या. विशीच्या आतल्या खेळाडूचा खांदा एकदा निखळला की पुन्हा निखळण्याची शक्यता बरीच असते, म्हणून शस्त्रक्रियेचा विचार लवकर होतो. मुंबईच्या श्रेयस अय्यरला मार्च २०२१ मध्ये पुण्यात क्षेत्ररक्षण करताना खांद्याला अशी दुखापत झाली. एप्रिलमध्ये शस्त्रक्रिया झाली आणि तो थेट सप्टेंबरमध्ये खेळला.

चेंडू लागून बोटाचं शेवटचं पेर खाली पडलं, सरळ होत नाही.

पेर उचलणारी कंडरा तुटली आहे. एक्स-रे काढा आणि पट्टी लावून ते पेर सहा ते आठ आठवडे सरळ ठेवा. पट्टी बदलतानाही पेर टेबलावर टेकवून सरळ धरायचं. मध्ये एकदा जरी वाकलं तरी मोजणी पहिल्या दिवसापासून.

मुलगा तेरा वर्षांचा आहे. गुडघ्याखाली गाठ आली आहे, दुखते. कॅन्सर तर नाही ना?

वाटीच्या खाली, नडगीच्या वरच्या टोकाला, खेळल्यावर दुखणारी गाठ या वयात बहुतेक वेळा वाढीच्या हाडावर कंडरेची ओढ बसून येते. उंची भरभर वाढते तेव्हा हे होतं आणि वाढ थांबली की बहुतेकांचं जातं. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ताप, वजन घटणं यातलं काही असेल तर मात्र लगेच डॉक्टरांना दाखवा.

खेळ बंद करू नका, कमी करा. शाळेचा हॅरिस शील्डचा संघ, क्लबचा सराव आणि रविवारची खासगी अकादमी, अशा तीन ठिकाणी एकच मूल गोलंदाजी टाकत असतं आणि तिन्ही सरांना एकमेकांचा पत्ता नसतो. आठवड्याचे चेंडू मोजायची वही आईने किंवा बाबांनी ठेवावी.

नी-कॅप घालून खेळलं तर?

धीर येतो, ताकद येत नाही. वारंवार मुरगळणाऱ्या घोट्याला मात्र ब्रेस किंवा टेप खरोखर उपयोगी पडते. कांगा लीगच्या ओल्या मैदानांवर तर वापराच.

खासगी फिजिओ परवडत नाही. काय करू?

केईएम, सायन आणि नायर या पालिकेच्या इस्पितळांत फिजिओथेरपी विभाग आहेत, हाजीअलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. रांग असते, पण शिकवतात नीट. रोज जायची गरज नसते. व्यायाम नीट शिकून घ्या, घरी करा आणि दोन-तीन आठवड्यांनी दाखवायला जा. वजनासाठी जिम लागत नाही. दप्तरात पाण्याच्या दोन-दोन लिटरच्या बाटल्या भरा, एक बाटली म्हणजे दोन किलो. पाच किलोची तांदळाची पिशवीही चालते.

मॅडम, शनिवारी मॅच आहे. पोरगा म्हणतो दुखत नाही. खेळवू का?

सर, त्याला शुक्रवारी नाही, आजच मैदानावर घ्या. दुखऱ्या पायावर एका दमात टाच उचलायला सांगा. चांगल्या पायावर पंचवीस होत असतील तर इथे बावीस-तेवीस तरी व्हायला हव्यात. एका पायाची लांब उडी दोन्ही पायांनी मोजा, फरक दहा टक्क्यांच्या आत हवा. मग पूर्ण वेगात धावून, शिट्टीवर थांबून, दोन्ही बाजूंना वळायला लावा आणि त्याच्या पायाकडे नको, चेहऱ्याकडे बघा. उद्या सकाळी त्याला फोन करून विचारा, पलंगावरून उतरताना पहिली पावलं कशी पडली. हे सगळं जमलं तर शनिवारी अर्ध्या वेळासाठी उतरवा. एसीएल किंवा अकिलीसचं ऑपरेशन झालेलं असेल तर यातलं काहीच करू नका, आधी मला फोन करा.